टेकडी गल्लीतली घरघर

“काकू, नळाच्या दिवशी तुमच्या घरात ते घर्रर्र काय वाजतं हो?”

प्रश्न गौरी आणि निशातचा होता, तोंड तेवढं माझं. सातवीची परीक्षा संपली होती आणि त्याच वर्षी मी वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आले होते. चार लोकांसमोर आपली जीभ चालते हे मला नव्यानंच कळलं होतं. आता ती कुठं कुठं चालवून पाहू असं झालं होतं. रसवंतीच्या बाकड्यावर बसल्या बसल्या गौरी म्हणाली, “मोठी वक्ता झाली नं तू? मग विचार नं वानखडे काकूंना. तोंडावर.” निशात म्हणाली, “नाही विचारलं तर आठवीत तू एकटी बसायचं. आम्ही दोघी एका बाकावर.” एवढ्यावर कोण मागं हटणार?

तर भर दुपारी मी वानखडे काकूंच्या दारात उभी होते. त्या दोघी समोरच्या कडुनिंबामागं लपल्या होत्या, म्हणजे त्यांना वाटत होतं की त्या लपल्या आहेत. निशातची पिवळी ओढणी बुंध्याच्या दोन्ही बाजूंनी दिसत होती.

काकूंनी दार अर्धंच उघडलं होतं. “काय वाजतं?”

“घर्रर्र.” मी आवाज काढून दाखवला.

झाडामागून फिस्सकन हसू आलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी एकदा गल्लीच्या खालच्या टोकाला पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“मिक्सर आहे. चटणी वाटते मी.”

“इतका वेळ?”

“मला पुष्कळ चटणी लागते,” काकू म्हणाल्या आणि दार लागलं. आतून कडीही लागली. आमच्या गल्लीत दिवसा कोणी कडी लावत नाही.

मी धावत झाडामागं गेले.

“खोटं बोलल्या! चटणी म्हणे! आणि एक सांगू? त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.”

“म्हातारपणानं,” गौरी म्हणाली.

“अगं, कालपर्यंत काळ्या होत्या नं! काहीतरी उडालं होतं भुवयांवर. हातांवरच्या केसांवरपण.”

निशातनं डोळे बारीक केले. तिचे अब्बा गवंडीकाम करायचे, त्यामुळं अशा बाबतीत तिचा शब्द शेवटचा. “सिमेंट,” ती म्हणाली. “आतून खोदलं असेल. पाइप जोडला असेल. वरून सिमेंट.”

आमच्या तिघींच्या अंगावर काटा आला. एवढं मजेदार काही त्या सुट्टीत अजून घडलंच नव्हतं.

आता हे नीट कळायला आमचं मानोली कळायला पाहिजे. वाशिमकडं जाताना लागतं. एसटी थांबते, लोक उतरून लघवीला जातात, भजी खातात, पुन्हा चढतात, एवढीच बाहेरच्यांना आमची ओळख. चैत्र संपला की इथं नळाला पाच-पाच दिवसांनी पाणी यायचं, तेही दुपारी चारच्या सुमारास, आणि येताना खोकत यायचं. गल्लीत जवळजवळ प्रत्येकाच्या दारापुढं नळाचा खड्डा. नळ जितका खाली तितकं पाणी जास्त, म्हणून लोक दरवर्षी खड्डा आणखी थोडा खोल करायचे. गौरीच्या आजोबांच्या खड्ड्यात उतरायला तीन पायऱ्या होत्या. आत उतरून कळशी लावली की बाहेरून फक्त त्यांची टोपी दिसायची.

आणि टेकडी गल्ली नावाप्रमाणं चढावर. खालून पाणी चढत यायचं. खाली गौरीचं घर, मग निशातचं, मध्यात लाहोटी काकांची चाळ, तिच्यात कोपऱ्याच्या खोलीत वानखडे काकू, आणि अगदी वर, जिथं रस्ताच संपतो, तिथं आमचं घर.

त्या उन्हाळ्यात खालच्या घरांनाही पाणी पुरेनासं झालं. धार करंगळीएवढी. गौरीची आई कळशीखाली हात धरून म्हणायची, “हे नळाचं पाणी आहे की औषध?” मग कोणीतरी तो शब्द काढला, ‘मोटर’. गल्लीत कोणीतरी चोरून नळाला मोटर लावली आहे. मोटर लावली की ती सगळ्यांच्या वाट्याचं पाणी ओढून घेते. नगरपरिषदेनं ते बंद केलेलं, पकडलं तर नळच कापतात. आणि त्याच सुमारास वानखडे काकूंच्या बंद दारामागून नळाच्या वेळी घरघर ऐकू यायला लागली.

बाकी संशय घ्यायला बाई सोयीचीच होती. चार महिन्यांपूर्वी आलेली. एका डॉक्टरांकडं केसपेपर लिहायची. एकटी. नवरा कुठं आहे हे गल्लीतल्या बायकांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं होतं, तिन्ही वेळा “असतो” एवढंच उत्तर. सकाळच्या गाडीनं जड जड पिशव्या घेऊन अकोल्याकडं जायची. परत येताना पिशव्या रिकाम्या. शिवाय खिडकीत मोगऱ्याची कुंडी, आणि तिला फुलं! सगळ्या गल्लीच्या तुळशी वाळल्या असताना हिच्या मोगऱ्याला फुलं.

सगळ्यात जास्त चिडले होते माझे बाबा. त्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान. त्या दिवसांत ते भांडी कमी आणि पाण्याचे निळे ड्रम जास्त विकायचे. माणूस एकदम गप्पिष्ट. मानोलीत कोणाचंही लग्न असो, पंगतीत वाढायला बाबा पुढं, आणि नवरदेवाला चिडवायलाही. लोक त्यांना डहाके शेठ म्हणत आणि ते “शेठ कसला, झाकणं विकतो मी” म्हणत. संध्याकाळी लाहोटी काकांच्या ओट्यावर गल्ली जमली की बाबा आमचा कोरडा हंडा उलटा करून दाखवायचे. “पाहा! तुम्हाला करंगळीएवढी तरी धार येते. मी तर पार वर राहतो. माझ्या नळातून फुर्रर्र हवा येते, बस. परवा त्यातून एक पाल निघाली.” लोक हसायचे आणि त्यांना आमची कीवही यायची. गौरीची आई कधीकधी मला एक कळशी द्यायची, “घेऊन जा बाई, तुमच्याकडं तर थेंब येत नसेल.” मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरून चढ चढायचे. आई ती घ्यायची, माझ्याकडं न पाहता.

मी त्या संध्याकाळी बाबांना मिक्सर, कडी, भुवया, सिमेंट सगळं सांगितलं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

“तू स्वतः गेली होती?”

“हो. आणि विचारलं. तोंडावर.”

“पाहा!” बाबा आईकडं वळले. “आख्ख्या गल्लीतल्या बाप्यांची हिंमत झाली नाही, आणि माझी पोरगी गेली! शाब्बास, बेटा. आता पुढच्या नळाच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून आत जायचं. फक्त पाहायचं. काय वाजतं ते.”

“पोरीला कायले पाठवता?” आई म्हणाली.

“अगं, पोरीलाच दार उघडेल ती. मला उघडणार आहे का?”

“राहू द्या नं ते सगळं,” आई म्हणाली. तिनं बाबांकडं असं पाहिलं की मला वाटलं तिला वानखडे काकूंची दया आली असावी. बाबा मात्र हात धुऊन तडक ओट्यावर गेले. थोड्या वेळानं खालून त्यांचा आवाज आला. “मिक्सर म्हणते! चटणी!” आणि सगळ्यांचा हशा. मी गच्चीवरून ऐकत होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की सांगायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी ठरलंसुद्धा. येत्या नळाच्या दिवशी खात्री झाली की त्याच संध्याकाळी सगळ्यांनी लाहोटी काकांना सांगायचं, या बाईला खोली रिकामी करायला लावा. लाहोटी काका चाळीचे मालक, शिवाय कोपऱ्यावरची पिठाची गिरणी त्यांची. ते म्हणाले, “पुरावा आणा, महिन्याच्या आत बाहेर काढतो.” पुरावा म्हणजे मी.

मधले दिवस आम्ही तिघींनी पाळत ठेवण्यात घालवले. गच्चीवर कुरड्या वाळत घातलेल्या असायच्या, त्या कावळ्यांपासून राखायच्या निमित्तानं आम्ही साडीच्या सावलीत पालथ्या पडून खाली पाहत राहायचो. उन्हानं गल्ली पांढरीफेक पडलेली. कुल्फीवाल्याची घंटी, मग तीही बंद. कुत्री नळाच्या खड्ड्यांत उतरून झोपलेली. काकू बाहेर आल्या की गौरी कोपर मारायची.

“पाहा, गोणी आणली. लिहा, गोणी.”

“कशावर लिहू? कुरडईवर?”

“इतकी मोठी गोणी एकट्या बाईला कायले लागते?”

“वास घे,” निशात म्हणाली. “काहीतरी भाजलेल्याचा वास येतो. खमंग.”

“सिमेंट भाजतात का?”

“मला काय माहीत! अब्बांना विचारते.”

एकदा काकूंनी वर पाहिलं. आम्ही तिघी पटकन डोकी खाली घातली, माझ्या कपाळाला ओली कुरडई चिकटली. पुन्हा पाहिलं तेव्हा त्या अजून वरच पाहत होत्या. मग हातातल्या पातेल्यातलं थोडं पाणी त्यांनी मोगऱ्याला घातलं. तांदूळ धुतलेलं होतं, पांढरट. मला ते तेव्हाही दिसलं होतं. पण संशय घेणाऱ्या माणसाला असलं काही दिसून उपयोग नसतो.

नळाचा दिवस आला. त्या दिवशी ऊन असं होतं की गच्चीवर चप्पल विसरली तर परत आणायला चप्पल लागावी. एरवी नळाच्या दिवशी आई मला चारच्या आधी घराबाहेर काढायचीच, “जा, गौरीकडं खेळ, इथं काही काम नाही तुझं.” आणि बाबा दुकानातून खास येऊन छोट्या स्पीकरवर भजनं लावायचे, एवढ्या मोठ्यानं की गौरीच्या घरापर्यंत टाळ ऐकू यावेत. “पाणी नाही तर नाही, देवाचं नाव तरी येऊ द्या घरात,” असं ते सगळ्यांना सांगायचे. जिन्याखालच्या मोरीत तर मला जायलाच बंदी, तिथं म्हणे विंचू निघाला होता. घरात ड्रम भरलेला दिसला तर बाबा म्हणायचे, रात्री दुकानाकडून आणलं. मी इतक्या वेळा हे ऐकलं होतं की त्यात विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी वाटीत गरम चीक घेतला, वर जिरं घातलेला. कुरड्यांचा चीक कोणाच्याही दारात चालतो. खाली गल्ली भरली होती. हंडे, बादल्या, पोरं, शिव्या. “सरका नं!” “तुमची बादली झाली की.” “झाली कुठं, अर्धी आहे!” आणि या सगळ्या कालव्यातून, कान लावला तर, वानखडे काकूंच्या दारामागं घर्रर्र. गौरीनं मला अंगठा दाखवला. गौरीचे वडील, आणखी दोघं-तिघं बादल्या घेऊन उगाच त्या दाराच्या आसपास रेंगाळत होते.

मी दार वाजवलं. कोणी उघडलं नाही. घरघर चालूच. मग मी चाळीच्या मागून गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत सगळं पांढरं होतं. फरशी, खिडकीचे गज, कोळ्याची जाळी. मधोमध कपाटासारखं काहीतरी उभं होतं आणि तेच घरघरत होतं. काकू पाठमोऱ्या, डोक्याला फडकं गुंडाळून, वरून ओंजळीनं भाजलेले दाणे टाकत होत्या. खाली डब्यात पीठ पडत होतं.

मोटर नव्हतीच. घरघंटी होती. घरातली पिठाची गिरणी.

त्या वळल्या. मला पाहिलं. आणि नेमक्या त्याच क्षणी घरघर मंदावली, कण्हली आणि थांबली. वरचा पंखाही थांबला.

लाईन गेली होती.

एक क्षण गल्लीतही सामसूम. मग बाहेर एकच ओरडा झाला. “आलं! आलं! अरे, पाहा धार!” “बादली लाव, बादली!” काकूंच्या मोरीतल्या नळाला इतका वेळ सुतळीएवढी धार होती, तीही एकदम मनगटाएवढी झाली आणि बादलीचा तळ ठणाणा वाजायला लागला. बाहेरून गौरीच्या वडिलांचा आवाज आला, “पाहिलं नं सगळ्यांनी? लाईन गेली, हिची मोटर बंद पडली, आणि पाणी आलं! आणखी काय पुरावा पाहिजे?”

काकूंनी तो आवाज ऐकला. त्या हळूच पिठाच्या डब्यावर बसल्या.

“तुमची तर मोटर नाहीच,” मी म्हणाले. माझ्या हातात वाटी तशीच होती. “ही गिरणी आहे. मी सांगते नं बाहेर जाऊन. आत्ता सांगते!”

“नको!” त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात पिठानं कोरडा कोरडा झाला होता. “बेटा, बस. ऐक. ही खोली कोणाची?”

“लाहोटी काकांची.”

“आणि त्यांचा धंदा काय?”

माझ्या डोक्यात उजेड पडला. काकूंनी सांगितलं, खोली देतानाच लाहोटी काकांनी बजावलं होतं, दळण आपल्याच गिरणीत. आणि ही बाई त्यांच्याच छपराखाली गिरणी चालवत होती. उपासाची भाजणी, थालिपिठाची, बाळांसाठी नाचणीची. सगळं अकोल्याच्या एका दुकानात जायचं.

“मग तुम्ही नळाच्या वेळीच का दळता?”

“गल्लीत तेव्हा गोंधळ असतो. म्हटलं, कोणाला ऐकू जाणार नाही.” त्या हसल्या, म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं. “मला काय माहीत, लोक तेव्हाच कान लावून बसतील.”

“पण आता तुम्हाला मोटरचोर म्हणून काढतील.”

“आणि गिरणी सांगितली तर गिरणीसाठी काढतील. दोन्हीकडून बाहेरच. लोक मोटर म्हणाले तर निदान ही गिरणी तरी लपून राहील, दुसऱ्या गावात कामाला येईल. गेल्या ठिकाणी घरमालकानं हीच जप्त करून ठेवली होती. सोडवता सोडवता वर्ष गेलं.” त्यांनी घरघंटीच्या कडेला हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. “तुला शपथ घालत नाही. लहान पोरीला काय शपथ घालायची. पण नको सांगू. सांगशील?”

“नाही,” मी म्हणाले. “कोणालाच नाही.”

नळ धो धो वाहत होता. बादली भरून सांडायला लागली तशा काकू उठल्या, दुसरी लावली आणि सहज म्हणाल्या, “आज तर वरपर्यंत पोहोचलं असेल. जा, तुमच्याकडंही आलं असेल, आईला भरू लाग.”

खरंच की! मी मागच्या दारानं निघाले आणि चढावर धावत सुटले. पळताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. काकूंकडं मोटर नाही. पण लाईन गेल्याबरोबर सगळ्यांचं पाणी वाढलं, म्हणजे मोटर गल्लीत आहे. कुठंतरी आहेच. कोणाची? राऊतांची? निशातच्या शेजाऱ्यांची? ज्याच्या घरी आत्ता पाणी थांबलं असेल, त्याची. मी पळता पळता प्रत्येक खड्ड्यात डोकावत गेले. सगळीकडं धार. सगळीकडं लोक हसत होते, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होते. आमच्या घराच्या आधीचं शेवटचं घर, तिथंही धार.

आमच्या दारात टाळ वाजत होते. स्पीकर बॅटरीवर चालतो, त्याला लाईनची गरज नाही.

आत आई ड्रमजवळ उभी होती. ड्रम निम्मा भरलेला. त्यात सोडलेल्या जाड हिरव्या पाइपातून ठिप, ठिप, ठिप. मग तेही थांबलं.

“आई, पाणी थांबलं?”

ती एकदम दचकली. “तू कायले आली आता? जा, गौरीकडं जा.”

“थांबलं का पाणी?”

“लाईन गेली नं,” ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिनं ओठ मिटले.

जिन्याखालच्या मोरीचं दार उघडं होतं. बाबा आत उकिडवे बसलेले, मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. “सुमन, आली का गं लाईन?” ते आईला ओरडून म्हणाले. त्यांना भजनात आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. तेवढ्यात पंखा हलला. लाईन आली. टाळ वाजतच होते. ड्रममधल्या पाइपानं एक उचकी दिली आणि तो भसाभस पाणी ओतायला लागला.

मी स्पीकर बंद केला.

घर्रर्र.

जिन्याखालून येत होतं. गोणपाटात गुंडाळल्यासारखं, दबलेलं, पण तेच. मी काकूंच्या दारात तोंडानं काढून दाखवलं होतं, अगदी तसंच.

बाबा डोकं बाहेर काढून म्हणाले, “अगं, बंद कायले केलं?” आणि मग त्यांना मी दिसले.

खालून लोकांचा ओरडा आला, “गेलं! गेलं परत पाणी! लावली तिनं पुन्हा!” बाबांनी हात मागं नेऊन बटण बंद केलं.

“ये, बस,” ते म्हणाले. मी बसले नाही. “आपण पार वर राहतो, बेटा. इथं मोटरशिवाय थेंब येत नाही. खरंच हवा येते. ते काही खोटं सांगत नव्हतो मी.”

“पाल निघाली होती ते?”

“ते… तेवढं खोटं.” बाबांना एरवी अशा वेळी हसू आवरत नाही. आज आलं नाही. “दोन वर्षांपूर्वी तुझी आई खालच्या हापशीवरून हंडे आणायची. आठवतं? चढावर पडली. तीन महिने पाठीवर झोपून होती. डॉक्टर म्हणाले, कंबरेला पट्टा आणि वजन उचलायचं नाही, कधीच. मग काय करू मी? सांग नं. तू बोलते चांगलं. सांग.”

आई कंबरेच्या पट्ट्यावर हात ठेवून भिंतीकडं पाहत होती.

“आणि वानखडे काकू?” मी विचारलं.

“तिला दुसरी खोली मिळेल. एकटी बाई आहे, सामान किती असणार? गल्लीला कोणीतरी सापडलं की शोधाशोध थांबते. नाहीतर उद्या नगरपरिषदेचा माणूस घरोघरी फिरेल. नळ कापतील आपला. दुकानात कोणी पाय ठेवणार नाही. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुला शाळेत काय म्हणतील?” मग त्यांनी आवाज खाली आणला. “काय होतं गं आत? काय पाहिलं तू?”

“तुम्हाला तर माहीत आहे नं, मोटर नव्हती ते.”

“मग काय वाजतं?”

तेवढी एक गोष्ट माझ्याजवळ होती आणि ती मी बाबांना देणार नव्हते. सुट्टीत पहिल्यांदाच माझी जीभ चालली नाही, आणि मला ते बरं वाटलं.

“ठीक आहे, नको सांगू,” बाबा म्हणाले. “पण संध्याकाळी ओट्यावर विचारतील. तू आत गेली होती हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त ‘हो’ म्हणायचं. मोटर होती का? हो. बस. एक शब्द.”

“अहो!” आई म्हणाली.

“मग तू सांग दुसरं काही! पाणी कुठून आणायचं?”

ड्रममधल्या पाण्यावर एक प्लॅस्टिकचा तांब्या गोल गोल फिरत होता. मी तांब्या काढला, तोंडाला लावला आणि मग नाही प्यायले.

उन्हं उतरली. बाबांनी आंघोळ केली, केस विंचरले, पावडर लावली, ओट्यावर जायचा पांढरा सदरा घातला. मला वाटलं होतं ते रागावतील. पण ते मला म्हणाले, “वेणी घाल नं, बेटा, सगळे असतील.” जसं काही वक्तृत्व स्पर्धा आहे. खालून माणसं जमल्याचा आवाज येत होता. लाहोटी काकांचं खाकरणं, गौरीच्या वडिलांचा मोठा आवाज, निशातच्या अब्बांचा बारीक. कोणीतरी म्हणालं, “डहाके शेठ येऊ द्या. पोरीला घेऊन येतो म्हणाले.” मी गच्चीवरून पाहिलं. वानखडे काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या, भुवया धुतलेल्या, पदर खांद्यावरून घेतलेला. बोलावलं की जायचं म्हणून तयार.

आता मी दहावीत आहे. त्या ओट्यावर नंतर काय काय झालं, आमचा नळ किती दिवस बंद राहिला, कोण आमच्याशी बोललं आणि कोण नाही, हे गौरी आणि निशात माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. मला मात्र त्या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट जशीच्या तशी आठवते. मी वेणी न घालता खाली आले. आई दारात होती, बाबा चपला घालत होते, एक पायात, एक हातात.

“आई, बाबा, ऐका,” मी म्हणाले. माझा आवाज मोठा होता. “उद्यापासून हापशीचं पाणी मी आणीन. सकाळी आणि संध्याकाळी, शाळा सुरू झाली तरी. आईनं एकही कळशी उचलायची नाही. आणि आत्ता मी ओट्यावर चाललेय. त्यांनी विचारलं, मोटर होती का, तर मी हो म्हणणार आहे, आणि कोणाच्या घरात तेही सांगणार आहे. बाबा, तुम्ही आधी बोललात तर मी गप्प बसेन. तुम्ही नाही बोललात, तर मी बोलेन.”